नलूमावशींचा फोटो, हारासकट

मित्रांनो, मी एक फोटो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मलाच त्याची धड खात्री वाटत नाही.

माझा जन्म लालबागच्या एका चाळीत, नलूमावशींच्या स्वयंपाकघरात झाला. मावशी जेवणाचे डबे करून देतात. शेजारच्या अनुजाने त्यांच्या डब्यांसाठी ॲप बनवायला घेतलं आणि मावशी कढईत वडा सोडत असताना मोबाइलवर मला टिपलं. पदर खोचलेला, कपाळावर घाम, चेहरा हसरा. मी झकास आलो होतो, उगाच कशाला लाजू?

मग माझे हाल सुरू झाले. आधी मला ॲपच्या पहिल्या पानावर भलामोठा लावला. मग कढई कापली, खिडकी कापली आणि नुसता चेहरा गोल करून ठेवला. लोक त्या गोलावर बोट दाबायचे. काहीच होत नाही म्हटल्यावर आणखी जोरात दाबायचे. मी फोटो की बटण, मला काही कळेना. शेवटी अनुजाने मला खरंच बटण केलं. मला दाबलं की डबा मागवता यायचा. म्हटलं, चला, एकदाचा कामाला लागलो!

परळचे आनंदाकाका मात्र दाबण्याआधी माझ्याशी बोलायचे. उभी हयात गिरणीत गेलेली, बायको वारल्यापासून एकटेच. दोन्ही वेळचं जेवण मावशींकडचं. "काय नलूबाई, आज काय केलंत?" असं ते मला विचारायचे. आता मी काय सांगणार, कपाळ? मी आपला हसत राहायचो.

यंदा दिवाळीआधी मावशी आणि त्यांचे यजमान अप्पा आठवडाभर गावी गेले. अनुजासोबत काम करणाऱ्या सौमित्रने मला राखाडी केलं. राखाडी म्हणजे सध्या बंद, दाबू नका, असा त्यांच्या कामातला रिवाज आहे म्हणे. त्याच दिवशी अनुजाने सणाची सजावट म्हणून माझ्या गोलाभोवती झेंडूची माळ घातली. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. खाली 'बंद आहे' असे दोन शब्द लिहावेत, हेही कुणाला सुचलं नाही.

काळापांढरा चेहरा आणि त्याला हार. मित्रांनो, आपल्याकडे याचा अर्थ काय, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

मावशी परतल्या, मला पुन्हा रंग चढला. पण बघायला होतं कोण? मावशी वड्यांचं पीठ भिजवून बसल्या आणि एकही डबा गेला नाही. त्यांचा जीव टांगणीला लागला. जेवण बिघडलं होतं का, मी कुणाला काही बोलले का, असं त्या अप्पांना पुन्हा पुन्हा विचारत होत्या. दुपारी हितेंद्र नावाचं जुनं गिऱ्हाईक पांढरे कपडे घालून अप्पांचं सांत्वन करायला आलं आणि दार उघडलं मावशींनीच! त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर मी होतो, हारासकट, आणि खाली कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून सगळीकडे पाठवलेलं.

"मी गेले आणि मलाच कुणी कळवलं नाही होय रे?" मावशी म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या.

अनुजा आणि सौमित्र धावत आले. सौमित्र अजून राखाडीचा अर्थ समजावत होता, त्याला तिने गप्प केलं आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतला. आयुष्य वाढलं म्हणत लोक हसले, डबे पुन्हा मागवू लागले. आनंदाकाका तेवढे फोन उचलेनात. मावशींचं हसू गेलं. डबा घेऊन त्या स्वतः परळला निघाल्या.

मी तिथेही होतोच. एका वेळी मी किती ठिकाणी असतो, याचा हिशेब मला कधीच लागलेला नाही. काकांनी मला स्टुडिओतून छापून, चौकटीत बसवून, बायकोच्या फोटोशेजारी टांगलं होतं. वर खऱ्या झेंडूचा हार.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. ते मावशींकडे बघत राहिले, मग वळून माझ्याकडे. आमच्यातली खरी कोण, हे त्यांना उमजेना, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही उमजेना.

"काका, ही काय दशा करून घेतलीत?" मावशींनी विचारलं.

"सुतक होतं," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"तुमचंच की, नलूबाई."

सुतक घरच्या माणसाचं धरतात, मित्रांनो. स्वतःच्या श्रद्धांजलीवर पोट धरून हसलेल्या मावशी तिथे उंबऱ्यावर रडल्या.

काकांनी स्टुलावर चढून हार उतरवला, मला मात्र तिथेच राहू दिलं. तेव्हा तुम्हाला एवढंच विनवतो: फोटो खुशाल कापा, रंगवा, त्याचं बटण करा. पण आधी ज्याचा चेहरा आहे, त्याला एकदा दाखवा. त्या चेहऱ्याशी रोज बोलणारं कुणी असू शकतं.