सगळं मानवणारा

बेबीताईंनी जंतूंची ताटली खिडकीच्या उजेडात धरली. मग उलटी करून धरली. मग चष्मा पुसून पुन्हा धरली.

ताटलीभर जंतू दाट सायीसारखे माजले होते. मधेमधे औषधांच्या पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या. औषधाची मात्रा चालली, की टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. इथे एकाही टिकलीभोवती रिंगण नव्हतं. जंतू अगदी टिकलीला खेटून उभे होते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभा जन्म काढलेल्या बेबीताईंना चष्मा पुसायची खरं तर गरज नव्हती. पण हा नमुना दादाचा होता, त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा.

"बेसिनमधलाच आहे हो हा," लॅबच्या डॉक्टरीणबाई मागून हळूच म्हणाल्या.

वॉर्डातल्या बेसिनच्या नळीत हा जंतू आधीच सापडला होता. जहाल औषध ओतलं, नळी बदलली, तरी पठ्ठ्या हजर. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच समजावलं होतं, की याच्या अंगात जनुकांचा मोठा साठा असतो. ओलाव्यात एक जनुक कामाला येतं, कोरड्यात दुसरं, माणसाच्या रक्तात तिसरं. आणि औषध पचवायचं जनुक तर हे शेजारच्या जंतूकडून उसनंही घेतात.

दादाकडे असलं काहीच नव्हतं. सगळी नोकरी बदल्यांची, पण एका गावचं पाणी त्याला मानवलं असेल तर शपथ. बदली झाली की घसा धरायचा, पोट बिघडायचं. नवी उशी घेतली तरी मान आखडायची. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन, तेही सुरळीत झालं होतं. "माझी बहीण आहे तिथे," म्हणून तो हौसेने याच हॉस्पिटलात आला होता. आणि ऑपरेशननंतर इथल्याच बेसिनमधला जंतू त्याच्या रक्तात शिरला होता.

दुपारी त्या वॉर्डात गेल्या. दादा तापाने फणफणला होता, तरी त्याने डोळे मिचकावले.

"काय बेबी, काय म्हणतायत तुझे पाळीव प्राणी?"

"मजेत आहेत."

"चला, कुणाला तरी मानवलं म्हणायचं हे हॉस्पिटल."

वहिनी त्यांच्या मागोमाग बाहेर आली. "वन्सं, तुम्ही बघितलंत ना? एखादं तरी औषध लागू पडेल ना? जगतील ना हो हे?"

बेबीताईंना खरं बोलवेना आणि खोटंही. "दोन औषधं एकत्र देऊन बघणार आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. वहिनीने त्यांचा हात घट्ट धरला. औषधं दिली गेली. रविवारी सकाळी दादा गेला.

वहिनीने चष्म्याची डबी, चपला, छोटा रेडिओ पिशवीत भरला. "यांचं काही राहिलं नाही ना इथे?"

"नाही," बेबीताई म्हणाल्या.

राहिलं होतं. असा चिवट जंतू फेकून देत नाहीत. पुढेमागे नवं औषध निघालं, तर त्याच्यावर करून बघायला बारीक नळीत गोठवून ठेवतात. ती नळी बेबीताईंनीच भरली होती, दादा असताना, नियमाप्रमाणे. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. तो त्यांना पाठ होता.

वर्ष उलटलं आणि गोठवलेले जंतू तपासायची वेळ आली. कणभर काढून ताज्या ताटलीवर रेघोट्या ओढायच्या, उबेत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं. तेवढ्या गारठ्यात काही मरतातही. हा मरावा, असं बेबीताईंना मनापासून वाटत होतं. नळीत जहाल औषधाचे चार थेंब टाकले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण उद्या नवं औषध निघालं आणि करून बघायला हाच नसला, तर आणखी कुणाचा तरी दादा जायचा. त्यांनी हात आवरला.

सकाळी ताटली काढली. रेघोटीन् रेघोटी तरारून आली होती.

"तो बेसिनवाला जगला का हो?" डॉक्टरीणबाईंनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं. कुणाच्या रक्तातून काढला होता, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

बेबीताईंनी ताटली उजेडात धरली. या खेपेला चष्मा पुसला नाही.

"जगला," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला बेसिनकडे गेल्या.