पाच टाके

भिंगरी एका आठवड्यात दोनदा चावली होती. आधी शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या दंडाला, मग थेट बाईंच्या मनगटाला. मोठ्या बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. "चार दिवस घरी ठेवा. सोमवारी आणा, बघू. पण पुन्हा दात लागला तर नाव काढावं लागेल. वर्गात चाळीस लेकरं आहेत हो."

आई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. सकाळी आठच्या ठोक्याला हजर नसली, तर तिच्या जागेवर उभी राहायला दारात दुसरी बाई तयारच असायची. सहा वर्षांच्या पोरीला शाळेने घेतलं नाही, तर नोकरी गेली म्हणून समजा. तिने पोरीला उचललं आणि आपल्या बापाच्या, म्हणजे आबांच्या, शिवणकामाच्या दुकानात आणून सोडलं.

"बाबा, मी हात टेकले. आता तुम्हीच बघा."

"अगं, चाळीस वर्षं वाकड्या कॉलरी सरळ करतोय मी. ही तर टीचभर पोर!" आबा म्हणाले.

बोलून तर गेले. पण पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांना कळलं, की कॉलर बिचारी ओरडत नाही.

भिंगरी एका जागी बसायची नाही. टेप ओढ, खडू मोड, कात्रीला हात घाल. नको म्हटलं की जमिनीवर आडवी. आबांनी खिशातून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. पोर गप्प. पण पोर काय दूधखुळी नव्हती. संध्याकाळपर्यंत ती गोळी हवी झाली की आडवी व्हायला लागली, आणि आबांचा खिसा रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी आबांनी डोळे वटारले, आवाज चढवला. तिने त्यांच्यापेक्षा वरचा सूर लावला. माप द्यायला आलेला माणूस "येतो नंतर" म्हणत पायाला पाय लावून पळाला. समोरचा किल्लीवाला टपरीतून मान बाहेर काढून म्हणाला, "मास्तर, एक पाटी लावा दारावर. कुत्र्यापासून सावध!"

"तुझ्या जिभेला कुलूप घाल आधी," आबा म्हणाले. पण जेवताना बोटांवर दिवस मोजत राहिले. सोमवार जवळ येत होता.

तिसऱ्या दिवशी नवल झालं. भिंगरीला कपाटाखाली जुन्या बटणांचा डबा सापडला. तिने एकेक बटण काढून जमिनीवर ओळ लावायला घेतली. मशीनच्या पायापासून निघालेली ओळ दाराकडे चालली. दोन भोकांचं, चार भोकांचं, पुन्हा दोन भोकांचं. तासभर चूं नाही की चां नाही. आबांनी त्या तासात दोन पँटी संपवल्या आणि मनात म्हणाले, जिंकलो.

तेवढ्यात एक बाई कपड्यांचं मोठं गाठोडं घेऊन दारात आल्या. पाय ठेवायला जागा नाही. "चल, ऊठ, ऊठ," म्हणत आबांनी हाताच्या एका फटक्यात ओळ गोळा केली आणि डब्यात लोटली.

भिंगरीने त्यांचा अंगठा दातांत धरला. रक्त आलं. आबांचा दुसरा हात उठला आणि तिच्या गालावर बसला.

ती रडली नाही. कापायच्या टेबलाखाली जाऊन बसली. बाई गाठोडं ठेवून निघून गेल्या. आबांनी अंगठ्याला चिंधी बांधली आणि मशीनवर बसून पाय हलवायला लागले. सोमवारी काय होणार? लेकीला काय तोंड दाखवणार? हातातली कॉलर कशीबशी टोकापर्यंत आली, इतक्यात किल्लीवाला दारात येऊन घाई करायला लागला. "मास्तर, माझा शर्ट द्या आधी. उठा, उठा!"

"थांब की रे! टोकाला आलोय, दिसत नाही?" आबा मान वर न करता खेकसले.

टेबलाखालून आवाज आला, "माझी पण दारापर्यंत जायची होती."

आबांचा पाय थांबला. सुई कापडात तशीच राहिली. किल्लीवाल्याला शर्ट कुणी दिला, कसा दिला, त्यांना नंतर आठवलं नाही.

ते खाली वाकले. "ये बाहेर. इथं बघ. टोक आलं की मशीन एकदम थांबवायची नाही. हे चाक हाताने फिरवायचं, पाच टाके घालायचे, हळू. मग सुई खाली ठेवून कापड वळवायचं. मधेच ओढलं तर टोक बिघडतं." मग म्हणाले, "तुझं मी बिघडवलं. मारलंही. चुकलं माझं."

भिंगरीने चाकाला हात लावला आणि मोठ्याने मोजलं. पाच.

चौथा दिवस सगळा तालमीत गेला. उठायची वेळ आली की आबा आधी सांगायचे, "आता पाच टाके हं." ती हातातलं पाच मोजून संपवायची. तीनदा जमलं. चौथ्यांदा तिने टाचण्यांची डबी उधळली. आबा गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचत राहिले आणि काळजी करत राहिले.

सोमवारी त्यांनी बाईंना वर्गाबाहेर गाठलं. "घंटेच्या जरा आधी तिला सांगा, पाच टाके. एवढंच."

बाईंच्या मनगटाला अजून पट्टी होती. "आजोबा, मी चाळीस जणांना शिकवू, की टाके मोजत बसू?"

आबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. उठले. पुन्हा बसले. खिडकीतून भिंगरी दिसत होती, ताटलीतले मणी दोऱ्यात ओवताना. मान खाली, जीभ बाहेर. आणि घंटा झाली.

वर्ग उठला. पोरं दाराकडे धावली. त्या गोंधळात बाईंनी ओळीने ताटल्या उचलत भिंगरीच्या ताटलीला हात घातला. भिंगरीचे ओठ दातांवरून मागे सरले. ते तोंड आबांना पाठ होतं. ते उभे राहिले. ओरडावं, तर ती बिथरणार. गप्प बसावं, तर… त्यांनी चिंधी बांधलेला हात खिडकीशी धरला, पाची बोटं उघडून.

भिंगरीने पाहिलं. तिने तशीच पाच बोटं बाईंच्या तोंडासमोर धरली. बाईंनी दचकून हात मागे घेतला. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"बरं," त्या म्हणाल्या. "पाच. पण लवकर."

एक. दोन. तीन. चौथा मणी निसटला आणि घरंगळत बाकाखाली गेला. भिंगरीचे ओठ पुन्हा मागे सरले. आबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई खाली वाकल्या होत्या. पट्टीच्या हातानेच त्यांनी मणी उचलून पुढे केला.

चार. पाच. भिंगरीने दोरा ताटलीत ठेवला, ताटली आपणच पुढे सरकवली आणि पळाली.

बाई खिडकीशी आल्या. "आजोबा, अजून तीनदा घंटा व्हायचीय आज."

"मोजतोय मी," आबा म्हणाले.

ते बाकावर बसले. पाय मात्र खाली मशीन असल्यासारखा हलतच राहिला.