नदीची सत्तावीस वर्षं

आमच्या धाकटीचं, स्तान्काचं, लग्न झालं त्याच शरदात आमच्या नदी-अभ्यास संस्थेचा जुना सर्व्हर मोडीत निघाला. लग्नातली उरलेली बानित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, घेऊन मी मेतोदीच्या खोलीत गेलो, तर तो पडद्यासमोर चेहरा पाडून बसलेला.

"गेंचोदादा, दार लावून घे," तो म्हणाला.

मी संस्थेचा नावाडी. सत्तावीस वर्षं रोज सकाळी डॅन्यूबच्या मध्यावर जाऊन पाण्याचं तापमान घेतलं. सुरुवातीला मला आकडे येत नसत, मी काठीवर खाचा पाडायचो आणि संस्थेच्या संशोधक इस्क्राबाई त्यावरून लिहून घ्यायच्या. पुढे वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांनीच मला लिहायला शिकवलं. वह्या पुराचं पाणी तळघरात शिरलं तेव्हा गेल्या. मापं उरली ती फक्त त्या लिनक्स सर्व्हरवर. तो वापरायचे सगळे, सांभाळायचा एकटा मेतोदी.

माणूस गेला की चाळीस दिवस त्याचा जीव घराभोवती घुटमळतो, असं आमच्याकडे मानतात. मेतोदी जुन्या डिस्कलाही तेवढेच दिवस द्यायचा. सगळ्या फायलींची एकच गठडी बांधून नव्या जागी ठेवली, तरी जुनी डिस्क तो चाळीस दिवस पुसत नसे. चाळिसाव्या दिवशी साखर घातलेला उकडलेला गहू घेऊन यायचा. डिस्कचं श्राद्ध, म्हणून सगळे चिडवायचे आणि वाटी चाटूनपुसून खायचे.

आज तो चाळिसावा दिवस होता. पुसण्याआधी त्याने गठडीतलं माझ्या मापांचं एक वर्ष सहज उघडलं. आत काहीच नव्हतं.

मग त्याने मला समजावलं. पूर्वी इस्क्राबाईंच्या फोल्डरात जागा पुरेना, तेव्हा त्यानेच फायली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या होत्या आणि मूळ जागी नुसत्या पाट्या लावल्या होत्या, फाईल अमुक ठिकाणी आहे म्हणून. गठडी बांधताना त्याने महिन्याला एक अशी तीनशे चोवीस नावं मोजली, ती बरोबर भरली. उघडून एकही पाहिलं नाही. गठडीत गेल्या त्या पाट्याच. मापं जुन्या सर्व्हरच्या त्या दुसऱ्या डिस्कवरच राहिली, आणि ती डिस्क आता कुरकुरत होती.

"कुणाला कळलंय का? नाही ना? मग गुपचूप बांध परत," मी म्हणालो.

"आणि डिस्क मधेच बंद पडली तर? बाईंना आधी सांगायला हवं."

इस्क्राबाई आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. कुठल्या वर्षापासून सुरुवात करायची, एवढंच त्यांनी विचारलं.

तीन दिवस लागले. मेतोदी एकेक फाईल काढून उघडायचा, मी आकडे मोठ्याने वाचायचो, बाई यादीत खूण करायच्या. फक्त एक फाईल आली नाही. माझ्या पहिल्या वर्षाचा मार्च.

"दादा, तुला काही आठवतं का रे? सांग, भरतो."

आठवत होतं. काठाला बर्फ होता, पाणी तीन अंश असेल, चार असेल. पण असेल म्हणजे माप नव्हे.

"रिकामा ठेव," मी म्हणालो.

त्याने गठडीसोबतच्या टिपणात लिहिलं: मार्च नाही. चूक माझी. मेतोदी. नाव कशाला घालतोस, असं बाई म्हणाल्या.

"पुढे कुणाला अडलं तर कुणाला विचारायचं, ते कळायला नको?"

मेतोदी २०१९ च्या मे महिन्यात, सव्वीस तारखेला, झोपेत गेला. त्रेसष्ट वर्षांचा होता. टिपणात त्याचं नाव अजून तसंच आहे.