जिभेला न लागणारा जोड

लग्नांत नादस्वरम, म्हणजे दक्षिणेकडची लांब सनई, वाजवणारे गुरुमूर्ती यांची खालची मोडलेली अर्धी कवळी दातांचे कारागीर सुंदरराव यांनी काल संध्याकाळी जोडून दिली, आणि आज सकाळी टेबल पुसता पुसता ते फडकं टाकून खाली वाकून बघू लागले. कानशीखालची धातूची भुकटी नेहमीच्या तिप्पट पडली होती. म्हणजे दातांना धरणारी सळई जोडापाशी निम्मीसुद्धा उरली नव्हती.

जोड दिसेनासा होईतो घासायचं हे खूळ आलं स्वामीमलैहून. दातांच्या कामात पडण्याआधी दहा वर्षं ते तिथं धातूच्या ओतीव मूर्ती घासत होते, आणि जोड दिसणारी मूर्ती पूजेला कोण घेतो? हाताला तेच वळण. "जिभेला जोड सापडतच नाही हो," म्हणत गुरुमूर्ती खूश होऊन गेले, आणि हे शहाणे फुशारले.

आज गुरुमूर्तींना एका लग्नात वाजवायचं होतं; स्कूटर दामटत सुंदरराव त्या कल्याणमंडपात पोचले तेव्हा नादस्वरम सुरू झालं होतं. यजमानांनी हात धरून त्यांना थेट पहिल्या रांगेत बसवलं. ऐन मुहूर्ताला वाद्य थांबवणं म्हणजे अपशकुन, मग सांगायचं कसं? डावीकडे नवरीचे मामा, उजवीकडे एक आजीबाई, मागे पाचशे माणसं. उठायलाही वाट नाही. दर फुंकरीला त्यांना वाटे, आता तुकडा गुरुमूर्तींच्या घशात जाणार. "देवा, मंगळसूत्र बांधून होईतो धर रे," असं ते घरच्या मराठीत पुटपुटत राहिले. आजीबाईंना वाटलं, मंत्र म्हणतायत. त्यांनीही हात जोडले.

एकदाचं मंगळसूत्र बांधलं गेलं. गुरुमूर्ती घाम पुसत खाली उतरले आणि मामांना म्हणाले, "या माणसाचा जोड कुणी शोधून दाखवावा." संध्याकाळी रिसेप्शनला पुन्हा वाजवायचं होतं. सुंदरराव गप्प बसले असते तर सगळ्या कुंभकोणमात नाव झालं असतं. जीव मात्र गुरुमूर्तींचा गेला असता.

"कवळी द्या जरा," ते म्हणाले.

गुरुमूर्तींनी पाठ वळवून ती काढून दिली. सुंदररावांनी सळईवर नुसता अंगठा दाबला. कट्कन दोन तुकडे झाले. मामांचं हसू मावळलं.

"माझी चूक. दिसू नये म्हणून फार घासली." हे बोलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी पुन्हा जोडलेली कवळी घालून गुरुमूर्तींनी जीभ फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "गाठ लागते हो."

"लागू दे," सुंदरराव म्हणाले आणि त्यांनी कानस खणात टाकली.