मांजरी गावावर उतरलेला भोवरा

ऋचाचं काम जुन्या वादळांचं. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळायच्या, टोर्नेडोसारखा भोवरा कुठे उतरला, किती घरं पडली, माणसं कशी गेली, याची नोंद करायची. प्रत्यक्ष भोवरा तिने कधी पाहिला नव्हता.

मे महिन्यातल्या त्या दुपारी ती मांजरी गावातल्या एका रोपवाटिकेत आली होती. आदल्या दिवशी वाऱ्याने तिथली हिरवी जाळी उचलून उसात फेकली होती. मालकीण सत्यशीला वाकलेले खांब दाखवता दाखवता थांबली.

"मॅडम, ते काय हाय?"

उसापलीकडे काळ्या ढगातून एक सोंड खाली उतरली होती. बुडाशी माती गरगरत होती, आणि मातीत पाचट, फांद्या, पत्रे. पिठाची गिरणी सुरू व्हावी तशी घरघर येत होती.

रोपं भरणाऱ्या बायका पत्र्याच्या शेडकडे धावल्या.

"शेडमध्ये नको!" ऋचा ओरडली. "छप्पर उडतं. माणसं पत्र्यानेच मरतात!"

"मग उघड्यावर मरायचं?" सत्यशीला म्हणाली. "वीज पडंल!"

ऋचा दुसरा आडोसा शोधू लागली. आपलं सगळं ज्ञान वाचलेलं. चुकलं तर या बायका आपल्यामुळे जातील. तेवढ्यात तिला रस्त्याखालची सिमेंटची मोरी दिसली. कोरडी होती.

"तिथे चला!"

सत्यशीलाने एकदा सोंडेकडे पाहिलं. "चला गं!" मग ती किंचाळली, "आबा!"

तिचे सासरे बद्रीनाथ शेडमध्ये झोपले होते. त्यांना ऐकू कमी यायचं. दोघींनी त्यांना काखेत हात घालून बाहेर ओढलं. चप्पल राहिली म्हणून ते मागे वळू पाहत होते.

मोरीत शिरताच कानांना दडे बसले. डोक्यावरून काहीतरी अवजड खरडत गेलं. सत्यशीलाची नखं ऋचाच्या दंडात रुतली. मग गारा, मग नुसता पाऊस.

बाहेर आल्यावर पाहिलं तर शेडचे नुसते खांब उभे होते. छप्पर दुमडून रस्त्यावर पडलं होतं. सत्यशीलाने सगळ्या बायकांना नावानिशी हाका मारल्या. सगळ्यांनी ओ दिली.

ऋचाने फोटो घ्यायला फोन बाहेर काढला.

"पलीकडच्या वस्तीवर बी पत्रंच हायती," सत्यशीला म्हणाली.

दोघी चिखलातून तिकडे पळाल्या. पडलेल्या एका छपराखालून कुणीतरी कण्हत होतं. दोघींनी दोन बाजूंनी पत्रा धरला आणि उचलला. खाली एक बाई होती. कपाळ फुटलेलं, पण डोळे उघडे, दोघींकडे बघणारे.