फ्रीझरमधली पांढरी पूड

विष्णुपुरीजवळच्या एका खासगी संशोधन केंद्रात पंचशीला कृत्रिम पेशी बनवत होती. चरबीच्या पातळ पापुद्र्याचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे, आणि त्यांना आकार धरता यावा म्हणून आत तंतूंचा सांगाडा. हे तंतू ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे. ते स्नायूंतून काढावं लागतं. म्हणून ती कोंबडीच्या छातीचं मांस आणायची, बारीक करायची, धुवायची, ॲसिटोननं वाळवून त्याची पांढरी पूड करून ठेवायची.

एका सकाळी तिनं फ्रीझर उघडला, तर तिचा खण रिकामा. चार महिन्यांची पूड गेली होती. प्रयोगशाळेतले शिपाई व्यंकटी खाली बघत म्हणाले, "सरांनी फेकायला लावलं, मॅडम. उद्या केंद्र तपासायला कमिटी यायलीय, मटण दिसू नये म्हणले."

ती तडक केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेली. इमारतीचं पावित्र्य राखावं लागतं, असं ते शांतपणे समजावू लागले. मग म्हणाले, "तुमच्यात चालत असेल. इथे नाही."

टेबलावर कमिटीसाठी छापलेली पुस्तिका पडली होती. मुखपृष्ठावर तिचाच बुडबुडा, आत हिरवे चमकणारे तंतू.

"सर, हे हिरवं दिसतंय ना, ते त्याच कोंबडीचं आहे."

चित्राची गोष्ट वेगळी, असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. 'आमची कृत्रिम पेशी' म्हणत सरांनी अर्धा तास माहिती दिली. कमिटीतल्या एका वयस्कर बाईंनी ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा म्हटलं. सरांनी पंचशीलाकडे बघितलं.

दाखवता येणार नाही, ती म्हणाली. ज्यातून बनवायची ते काल मांस म्हणून कचऱ्यात टाकलंय.

सर घाईनं म्हणाले, शिपायाचा गैरसमज झाला.

तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "व्यंकटींची काही चूक नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत. आणि मला काय म्हणालात, तेही सांगू का?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी तिच्यासाठी वेगळा फ्रीझर आला. माफी कुणी मागितली नाही. तिनं पुन्हा कोंबडी आणली, पुन्हा पूड केली, आणि दोन महिन्यांनी बुडबुड्यांत तंतू उभे राहिले. सर पाहुण्यांना घेऊन ते बघायला आले, तेव्हा ती खुर्चीवरून उठली नाही.