घड्याळजींचा रंग

लेखिकाबाईंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि त्यांना स्वतःच्याच घराची ओळख पटेना. खिडकीचा जो पडदा त्यांनी नव्या पुस्तकात दोन पानं भरून वर्णिला होता, तो चक्क पांढरा निघाला. पांढरा तरी कसा, दवाखान्यातल्या चादरीसारखा.

"पडदा कधी बदललास गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"पडदा तोच आहे आई. डोळा बदललाय."

डॉक्टरांनी तसं समजावून सांगितलं होतं. मोतीबिंदू वाढत गेला की सगळं पिवळसर दिसायला लागतं, आणि ते इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्याची तारीख पुढच्या आठवड्यातली. बाईंनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, पडदा सोनेरी झाला. डाव्यावर ठेवला, पांढरा. हा खेळ त्यांनी बराच वेळ खेळून पाहिला. मग एकदम काहीतरी आठवलं आणि त्यांनी हात खाली घेतला.

'सोनेरी' हा बाईंचा लाडका शब्द. अगदी पहिल्या कादंबरीपासूनचा, म्हणजे डोळे ठणठणीत होते तेव्हापासूनचा. संध्याकाळ सोनेरी, बालपण सोनेरी, वाळलेलं गवत सोनेरी, एका नायिकेचा तर अबोलासुद्धा सोनेरी. समीक्षकांनी खिल्ली उडवली, पण बाई बधल्या नाहीत. घरातही एक समीक्षक होते, त्यांचे यजमान. कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. दिवसभर एक डोळा मिटून, दुसऱ्याला भिंग लावून ते बारीक चाकं न्याहाळत, आणि दुकान बंद करून आले की चहा पीत बायकोचं लिखाण ऐकत.

"सोन्याचा मुलामा आमच्याकडेही असतो," ते म्हणत, "पण आधी आतलं यंत्र चालतंय का बघतो आम्ही."

बाई फणकारत. मग ते लटकंच रुसत. "साऱ्या दुनियेला सोनं वाटलंस, नवऱ्याच्या वाट्याला चिमूटभरही नाही."

"अहो, तुम्ही सावळे. सावळ्याला सावळाच लिहिणार. मी खोटं लिहीत नाही."

किती छान भांडण होतं ते! वर्षानुवर्षं तेच, त्याच शब्दांत, आणि दोघांनाही त्याचा कधी कंटाळा आला नाही. आता भांडायला समोर कुणी नव्हतं. घड्याळजी गेले, दुकान विकलं गेलं, आणि बाईंनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्याची प्रुफं टेबलावर पडली होती आणि प्रकाशक घाई करत होते.

त्या पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणात बाईंचा जीव होता. आजारपणातल्या दुपारी, खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेले घड्याळजी. 'जन्मभर मी ज्यांना सावळे म्हणून चिडवलं, ते माझे यजमान त्या खिडकीत सोनेरी दिसत होते.' हे वाक्य तेवढं घड्याळजी असतानाच लिहिलेलं, आणि त्याच दिवशी बाईंनी ते त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं होतं. आता पडदाच पांढरा निघाल्यावर या वाक्याचं काय? तेही मोतीबिंदूनेच लिहिलं की काय?

"तुझ्या फोनमध्ये बाबांचे त्या दिवसांतले फोटो आहेत ना? दाखव."

"नंतर बघ ना आई. डोळ्याला ताण नको."

लेक टाळते आहे हे कळायला डोळा लागत नाही. बाईंनी हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. शेवटी लेकीने फोन दिला.

उजव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसलं. खिडकी, खुर्ची, मांडीवरची शाल. आणि चेहरा. तो सोनेरी नव्हता, पिवळा होता. गळायला आलेल्या पानासारखा पिवळा. डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा.

"ही कावीळ आहे," बाई म्हणाल्या.

"यकृत कामातून गेलंय हे तुला सांगितलंच होतं आई. रंगाचं तेवढं सांगितलं नाही."

"का?"

लेक त्यांच्याजवळ येऊन बसली. "तू ते वाक्य वाचून दाखवलंस ना, तेव्हा मी बोलणारच होते. तू पाणी प्यायला आत गेलीस आणि बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, 'गप्प बस. उभा जन्म सावळा ऐकण्यात गेला. आता कुठे सोनेरी झालोय, त्यात तू मोडता घालू नकोस.'"

बाईंना हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. "मी रोज बघत होते गं. रोज समोर बसून बघत होते, आणि मला दिसलं नाही."

"पिवळे दिसतात हे डॉक्टरांना दिसत होतं, मला दिसत होतं, शेजाऱ्यांना दिसत होतं. तसं बघणारे पुष्कळ होते आई. सोनेरी म्हणणारी तू एकटी होतीस. बाबा तुझ्याच समोर बसायचे."

दुसऱ्या दिवशी बाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या. पडद्याचा सोनेरी गेला, भिंतीचा गेला, चहाचा गेला, दुकानाच्या पाटीचाही गेला. जन्मभर जपलेला शब्द त्यांनी पानापानातून तण उपटावं तसा उपटला. संध्याकाळी लेकीने प्रुफं चाळली आणि शेवटच्या प्रकरणाशी थांबली.

"आई, हा एक राहून गेला."

"राहून नाही गेला."

"पण तू तर खोटं लिहीत नाहीस ना?"

बाईंनी फोन मागून घेतला, तो फोटो उघडला, आणि घड्याळजी भिंग लावताना मिटत तसा एक डोळा मिटला, उजवा. बराच वेळ त्या डाव्या डोळ्याने बघत राहिल्या.

"डॉक्टरांना फोन कर," त्या म्हणाल्या. "म्हणावं, डाव्या डोळ्याची घाई नाही. थोडे दिवस असू दे."